घडणावळ परत मिळते ती अशाच डागांची

ताई, पुढचं वाचायच्या आधी एक फोन करा. सराफांनी "ब्रोच काळवंडलाय, पॉलिश मारून देतो" म्हणून ठेवून घेतलाय असं तुम्ही लिहिलंय. त्यांना सांगा, पॉलिश नको, आहे तसा परत द्या. बाकी सगळं सावकाश बघता येईल, पण एकदा बफ, म्हणजे पॉलिशचं चाक, फिरला की मागे येता येत नाही.

तुमचा प्रश्न माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे समजण्यात काही चूक झाली असेल तर कळेल. तुमच्या सासऱ्यांच्या थोरल्या बहिणी, डॉक्टर आत्या, १९६२ ते १९८१ लंडनमध्ये इस्पितळात नोकरीला होत्या. निवृत्तीनंतर सांगलीत राहिल्या, गेल्या वर्षी वारल्या. मूलबाळ नाही. त्यांच्या कपाटातून हा ब्रोच निघाला. वजन ३८ ग्रॅम. मध्ये मोठा पिवळा खडा आणि भोवती सोन्याच्या ओबडधोबड काड्या, तुमच्याच शब्दांत "विस्कटलेल्या जळणाच्या मोळीसारख्या". मागे मुकुट, १८ आकडा, कुठल्याशा जनावराचं तोंड, इंग्रजी छोट्या लिपीतलं एक अक्षर आणि झिजलेली दोन-तीन अक्षरं. सराफ कट्ट्यावर मोडीचा भाव मिळाला. पुतण्याने परदेशातल्या लिलावांचे कॅटलॉग पाहिले, तर असेच दिसणारे ब्रोच सोन्याच्या कितीतरी पट किमतीला लावलेले. मग खरं कोणाचं, आणि थोरलीच्या लग्नात याचे तोडे करायचे की लिलावात घालायचा?

दोघंही आपापल्या जागी खरे आहेत. सराफ वजन वाचतोय, कॅटलॉगवाले हात वाचतायत. तुमच्या ब्रोचमध्ये वाचण्यासारखा हात आहे का, एवढंच शोधायचं आहे आणि तोवर त्याला मुशीपासून लांब ठेवायचं आहे.

हे मी इतक्या कळकळीने सांगतोय त्याला कारण आहे. आमचं घर गलाईचं. विट्याच्या बाजूची आमची गावं, खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ, तिकडे माण-खटाव, इथली माणसं पाऊस नाही म्हणून बाहेर पडली आणि देशभर सोनं-चांदी गाळायला बसली. वडील त्रिशूरला होते. मी सोळाव्या वर्षी भट्टीपाशी बसलो आणि चोवीस वर्षं बसलो. १९८७ च्या पावसाळ्यात एका पेढीकडून मोडीचं पुडकं आलं. तुटक्या साखळ्या, एक पाय गेलेलं पैंजण, आणि त्यात एक पदक. पत्रा पातळ, पाठीमागून ठोकून चेहरा उठवलेला, दोन्ही डोळे एकाच बाजूला. मला वाटलं, कारागिराचा हात चुकलाय. मागे बारीक आकडे होते: तीन, तिरकी रेघ, वीस. टच, म्हणजे सोन्याची शुद्धता, बघितला तर तेवीस कॅरेटच्या आसपास. एवढ्या टचाला परदेशी डाग, म्हणजे दागिना, मी तोवर पाहिलेला नव्हता, तरी थांबलो नाही. सवागी (टाकणखार) टाकली, फुंकणी लावली, आणि दोन मिनिटांत ते तोंड वितळून बाकीच्या साखळ्यांत मिसळलं. तीन भागिले वीस याचा अर्थ मला पंधरा वर्षांनी कळला. आज सांगलीत मूल्यांकनाचं काम करतो ते त्या दिवसामुळे. कोणी मोडीचा डाग घेऊन आलं की मी आधी पाठ बघतो.

आपल्याकडे घडणावळ म्हणजे गेलेला पैसा. दुकानातून ठुशी घेताना शंभरामागे दहा-पंधरा रुपये घडणावळीचे देतो आणि मोडायला गेलो की ते कोणी धरत नाही. घरात म्हणतातच, नक्षी कितीही असो, शेवटी सोनं राहतं. ही रीत चुकीची नाही. आपल्या बायकांचा दागिना हीच तिची ठेव होती, आणि ठेवीला वजन लागतं. पण त्यामुळे डोळ्याला एक सवय लागली. कोणी काय घडवलंय हे आपण बघतच नाही. कलावंताच्या हातच्या डागात हिशोब उलटा असतो. तिथे सोनं हा बारीक भाग असतो आणि घडणावळ हीच किंमत.

आधी वजनाचा हिशोब करून टाकू, म्हणजे खाली किती पडू शकतं ते कळेल. तुमचा पिवळा खडा बहुधा सिट्रिन आहे, खडेवाले त्याला सुनेला म्हणतात. खडा काढून तोलू नका, मापावरून अंदाज येतो. समजा तो २० कॅरेटचा आहे. एक कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम, म्हणजे खड्याचे ४ ग्रॅम. उरले ३४. अठरा कॅरेट म्हणजे पाऊणभर सोनं, तेव्हा शुद्ध सोनं २५.५ ग्रॅम. २०२५ मध्ये शुद्ध सोन्याचा भाव दहा ग्रॅमला लाखाच्या पुढे गेला. हिशोबाला सोपं म्हणून एक लाख धरा, तर २ लाख ५५ हजार. यातून मोडीची घट आणि बट्टा जातो. सराफांनी सांगितलेला आकडा याच्या जवळपास असेल, तर त्यांनी तुम्हाला फसवलेलं नाही. भाव इतका चढला की जगभर जुने डाग भट्टीत जातात. साठ-सत्तरच्या दशकातले अठरा कॅरेटचे जाडजूड डाग तर जास्तच, कारण ते जड असतात आणि आजच्या पोरींना जुनाट वाटतात. म्हणूनच जे शिल्लक राहिले त्यांना गिऱ्हाईक आहे.

आता ठशांकडे. तुम्ही लिहिलेले ठसे मला बरंच सांगतात. मुकुट आणि १८ हे इंग्लंडचे अठरा कॅरेटचे ठसे. १९७५ पासून तिथे मुकुटाशेजारी १८ ऐवजी ७५० येऊ लागला, म्हणजे तुमचा ब्रोच त्याआधीचा. जनावराचं तोंड बिबट्याचं असेल तर तपासणी लंडनच्या गोल्डस्मिथ्स हॉलमध्ये, म्हणजे तिथल्या सोनारांच्या संघाच्या इमारतीत झाली. छोट्या लिपीतलं अक्षर वर्षाचं. लंडनमध्ये १९५६ ला 'ए' पासून हा क्रम सुरू झाला, 'जे' गाळलं, आणि १९७४ ला 'टी' वर संपला. अक्षर मे महिन्यात बदलायचं. तेव्हा 'एच' असेल तर १९६३ च्या मेपासून पुढचं वर्ष, 'एन' असेल तर १९६८-६९, 'आर' असेल तर १९७२-७३. आत्या तेव्हा तिथेच होत्या, म्हणजे वर्षं जुळतात. राहिली ती झिजलेली अक्षरं. तीच सगळ्यात महत्त्वाची, कारण ती ब्रोच तपासणीला पाठवणाऱ्या कारखान्याची.

ती वाचायची कशी? खिडकीपाशी बसा, सकाळचं तिरपं ऊन येईल अशा जागी. ब्रोच पालथा मऊ पंच्यावर ठेवा. दहा पटीची काच डोळ्याला अगदी लावा आणि वस्तू काचेपाशी आणा, काच वस्तूपाशी नेऊ नका. मग ब्रोच हळूहळू फिरवा. समोरून न दिसणारं अक्षर तिरप्या उजेडात सावलीने उठून येतं. मळ भरला असेल तर कोमट पाण्यात रिठ्याचा फेस करून लहान मुलाच्या मऊ ब्रशने पाठ धुवा, सुती कापडाने टिपून घ्या. चिंच, लिंबू, सोडा, टूथपेस्ट काहीही नको. दुकानातलं अल्ट्रासॉनिक मशीनही नको, खडा बसवताना काय लावलंय ते आपल्याला ठाऊक नाही. झिजलेल्या अक्षरांचा ठसा ज्या चौकटीत आहे तिचा आकारही काढून ठेवा. चौकटीवरूनही कारखाना शोधायला मदत होते.

ओबडधोबड काड्यांमुळे माझं लक्ष कुठे गेलं ते सांगतो. १९६१ मध्ये लंडनच्या गोल्डस्मिथ्स हॉलमध्ये आधुनिक दागिन्यांचं मोठं आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरलं, १८९० पासून १९६१ पर्यंतच्या कामाचं. ते भरवणारे ग्रॅहम ह्यूज यांनी एक धाडस केलं. ज्यांनी कधी दागिना केला नाही अशा चित्रकार-शिल्पकारांच्या हातात मेण दिलं आणि म्हटलं, करा. एलिझाबेथ फ्रिंकसारख्या शिल्पकार त्यात होत्या. मेणात जे झालं ते सोन्यात ओतलं. तोवर तिकडचा दागिना म्हणजे हिऱ्यांची रांग आणि खाली लपलेलं सोनं. इथे सोनं वर आलं, खरबरीत, झाडाच्या सालीसारखं, दगडासारखं, बोटांचे ठसे राहिलेलं. या वळणाचं सगळ्यात गाजलेलं नाव अँड्र्यू ग्रिमा, जन्म रोमचा, काम लंडनचं. त्यांचं प्रशिक्षण यंत्र अभियांत्रिकीचं होतं आणि दुसऱ्या महायुद्धात ते ब्रह्मदेश आघाडीवर होते. सासऱ्यांच्या छोट्या कारखान्यात हिशोब बघायला शिरले आणि डिझाइनकडे वळले. १९६६ मध्ये त्यांना ड्यूक ऑफ एडिंबरा यांचा डिझाइनचा पुरस्कार मिळाला, त्याच वर्षी लंडनच्या जर्मिन स्ट्रीटवर दुकान उघडलं, १९७० मध्ये राजघराण्याचं वॉरंट, म्हणजे राजघराण्याला माल पुरवणारे अशी मान्यता, मिळालं. खरी फांदी, खरं पान, खरं शेवाळ घेऊन ते तसंच्या तसं सोन्यात ओतायचे. राजकन्या मार्गारेट यांनी बाल्मोरलला फिरताना सापडलेलं दगडफूल त्यांच्याकडे पाठवलं आणि त्यावरून ब्रोच झाला, ही गोष्ट त्या वर्तुळात सगळ्यांना माहीत आहे. खडाही महागच हवा असा त्यांचा हट्ट नव्हता. सिट्रिन, टूर्मलिन, कच्चे स्फटिक, रंग आणि आकार आवडला की पुरे. त्यामुळे तुमच्या सुनेल्याला मी हलका खडा म्हणून बाजूला काढणार नाही.

ग्रिमांच्या सुरुवातीच्या डागांवर सासऱ्यांच्या कारखान्याचा ठसा असतो, इंग्रजीत एच, जे आणि पुढे सीओ. नंतरच्यांवर ए, जी आणि एलटीडी. बऱ्याच वस्तूंवर 'ग्रिमा' अशी वेगळी सहीही असते. तुमची झिजलेली अक्षरं यातली निघाली तर मोडीचा विषयच संपला. पण आत्ताच मनात मांडे खाऊ नका. त्या दहा-बारा वर्षांत लंडनमधल्या कितीतरी कारखान्यांनी हे सालीचं वळण उचललं. जॉन डोनाल्डसारखे काही स्वतःच्या ताकदीचे कलावंत होते, बाकीचे चाल बघून माल काढणारे. दिसायला सगळे भाऊच. फरक पाठीमागे असतो. चांगल्या हाताने केलेल्या ब्रोचची पाठ पोटाइतकीच नीट असते. काड्या मागे जिथे जुळतात तिथे डाख, म्हणजे सांधा जोडायला वितळवून लावलेला धातू, दिसत नाही. खड्याच्या मागची जागा उजेडासाठी उघडी ठेवलेली असते. टाचणी जाड, बहुधा दुहेरी, आणि आकडी बसताना स्पष्ट टक्क वाजते. नकल्या माणूस पाठ सोडून देतो, कारण गिऱ्हाईक पाठ बघत नाही.

तुमच्या ब्रोचला लागू नाही, पण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कोणाकडे असं काही असू शकतं म्हणून कलावंतांच्या दागिन्यांचे बाकीचे प्रकार सांगतो. इथे मला थोडं रेंगाळू द्या, हा विषय माझ्या जिवाचा आहे.

अमेरिकी शिल्पकार अलेक्झांडर काल्डर, हवेत तरंगणाऱ्या शिल्पांचे. त्यांनी जन्मभरात सुमारे १,८०० दागिने केले, जवळजवळ सगळे स्वतःच्या हाताने. जास्त करून पितळ आणि चांदी, सोनं क्वचित. लहानपणी बहिणीच्या बाहुल्यांसाठी तांब्याच्या तारेचे दागिने करायचे, तिथून सुरुवात. तार ठोकायची, वाकवायची, एकात एक अडकवायची किंवा रिव्हेट मारायचं. डाख लावणं ते शक्यतो टाळत. आपल्याकडचा तारकाम करणारा कारागीर हे बघून लगेच ओळखेल की हा माणूस पक्कडीने विचार करतो. असा पितळेचा हार मोडीत कोणी पन्नास रुपयांनाही घेणार नाही, आणि लिलावात त्याच्यासाठी संग्रहालयं बोली लावतात. घडणावळ म्हणजे काय ते इथे कळतं.

दुसरा प्रकार, चित्र कलावंताचं आणि हात सोनाराचा. फ्रेंच चित्रकार जॉर्ज ब्राक यांनी म्हातारपणी ग्रीक पुराणातल्या देवतांची, पक्ष्यांची रेखाटनं दागिन्यांसाठी केली आणि हेगर द लोवनफेल्ड यांनी ती सोन्यात उतरवली. १९६३ मध्ये पॅरिसला लूव्रच्या इमारतीतल्या सजावटी कलांच्या संग्रहालयात त्यांचं प्रदर्शन झालं, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ब्राक वारले. त्यांच्या मागेही त्या रेखाटनांवरून डाग निघत राहिले. म्हणून नुसतं "ब्राक" ऐकून भुलू नये. त्यांच्या हयातीतलं की नंतरचं, किती नगांतलं कितवं, हे विचारल्याशिवाय किंमत बोलूच नये.

पिकासो, मॅक्स एर्न्स्ट, कॉक्तो या कलावंतांसाठी दक्षिण फ्रान्समध्ये एक्स नावाच्या गावी बसून काम करणारे सोनार होते फ्रान्स्वा ह्यूगो, लेखक व्हिक्टर ह्यूगोंचे पणतू. पिकासोंची चेहऱ्यांची पदकं ते जवळजवळ शुद्ध सोन्याच्या पत्र्यावर पाठीमागून ठोकून उठवायचे. आपल्याकडे देवाचे टाक जसे करतात, तसंच. प्रत्येक नक्षीचे ठरावीक नग काढायचे, बहुतेक वीस, आणि मागे अंक घालायचा. तीन, तिरकी रेघ, वीस. हे लिहिताना आजही हात थांबतो.

स्पॅनिश चित्रकार साल्वादोर दालींचा प्रकार निराळाच. १९४० नंतरच्या तीस वर्षांत त्यांनी दागिने कागदावर काढले आणि न्यूयॉर्कमध्ये कार्लोस आलेमानी यांच्या कारखान्यात ते घडले. माणकांचे ओठ आणि आत मोत्यांचे दात. माणकांचं काळीज तर यंत्राने खरोखर धडधडतं. त्यातला मुख्य संग्रह आता स्पेनमध्ये फिगेरसला त्यांच्या संग्रहालयात आहे, म्हणजे ते डाग बाजारात येणारच नाहीत. बाजारात "दाली" म्हणून जे फिरतं ते बहुतेक नंतर, इतरांनी, मोठ्या संख्येने काढलेलं असतं. तिथे सावध राहावं.

फ्रेंच डाग असेल तर अठरा कॅरेटला गरुडाचं मुंडकं बघा, अगदी खसखशीएवढं असतं, आणि कारखान्याचा ठसा पतंगाच्या आकाराच्या चौकटीत. घुबड दिसलं तर माल बहुधा बाहेरून फ्रान्समध्ये आलेला.

परत तुमच्याकडे. टच बघायचा असेल तर एक्सआरएफ मशीनवर, म्हणजे न घासता किरणांनी शुद्धता वाचणाऱ्या यंत्रावर बघा, कसोटीवर घासू नका. मशीन फक्त वरचा थर वाचतं, मुलामा असेल तर चुकतं, पण इथे लंडनचा ठसा आहे तेव्हा ती भीती नाही. टाचणी कधी दुरुस्त झाली आहे का ते नीट बघा. सांध्यापाशी करडा, मऊ दिसणारा ठिपका असेल तर तो कथलाचा डाख. असल्या ब्रोचला कोणी जाळ दाखवला तर कथील सोन्यात शिरतं आणि खड्डे पडतात. ते काढणं माहितगाराचंच काम. तुटलेलं असेल तर तुटलेलंच राहू द्या. लिलावात जुनी तुटफूट माफ होते, नवी दुरुस्ती होत नाही. आणि पॉलिशबद्दल मी इतकं का म्हणतोय? ग्रिमा असो की दुसरा कोणी, त्या खरबरीतपणाचा प्रत्येक कण कारागिराने मुद्दाम ठेवलेला आहे. बफाने त्याची टोकं बोथट होतात, आणि कॅटलॉगमधल्या एका शब्दाने, "पृष्ठभाग झिजलेला", किंमत बरीच खाली येते.

मग कागद. आत्यांची ट्रंक, बँकेचं पासबुक, जुनी पत्रं, सगळं चाळा. दुकानाची पावती मिळाली तर सोन्याहून मोलाची. विम्याची यादी असेल तर तीही. इस्पितळाच्या समारंभातला, कोणाच्या लग्नातला, आत्यांनी साडीच्या पदरावर हा ब्रोच लावलेला एखादा फोटो असेल तर त्याच्या मागे तारीख आणि जागा पेन्सिलीने लिहून ठेवा. साडीवर लावलेला लंडनचा ब्रोच, हे चित्र कॅटलॉगवाल्यांना फार आवडतं, आणि वस्तू कुठून कुठे आली याचा तो खराखुरा पुरावा असतो.

लिलाव म्हणजे काय हे सांगलीकराला शिकवायला नको. मार्केट यार्डात हळदीचा सौदा आपण बघतो, तासगावला बेदाण्याचा. तिथला शेतकरी भाव पटला नाही तर माल देत नाही. इथेही तसंच, फक्त ते आधी कागदावर ठरतं. ऑक्शन हाऊस वस्तूला खालचा आणि वरचा असे दोन अंदाज लावतं, आणि ज्याच्या खाली द्यायची नाही ती राखीव किंमत तुमच्याशी ठरवतं. ती खालच्या अंदाजापेक्षा वर नसते. खालचा अंदाज कमी ठेवायला घाबरू नका. अंदाज कमी असला की चार हात वर होतात, आणि चार हात वर झाले की भाव आपला आपण चढतो. अंदाज फुगवला आणि कोणीच बोली लावली नाही, तर "न विकलेला" अशी नोंद इंटरनेटवर कायमची राहते आणि काही वर्षं त्या वस्तूला हात कोणी लावत नाही. माझ्या मते विकणाऱ्याची सगळ्यात महागडी चूक हीच.

अडत दोन्हीकडून घेतात. हातोडा दहा लाखांवर पडला, म्हणजे शेवटची बोली तेवढी झाली, तर घेणाऱ्याला वर साधारण पाव हिस्सा भरावा लागतो, तो तुमचा नव्हे. तुमच्या दहातून त्यांचं कमिशन, फोटो, विमा, वाहतूक जाते. म्हणून सही करण्याआधी एकच प्रश्न विचारा: "हातोडा अमुकवर पडला तर माझ्या खात्यात नेमके किती येतील?" आकडा लेखी घ्या. कमिशनवर घासाघीस चालते. विकली गेली नाही तर काय आकार लागेल, तेही लिहून घ्या.

कुठे? मुंबईत सॅफ्रनआर्ट, पुंडोल्स, अस्तागुरू ही ऑक्शन हाऊसं आहेत, पण आपल्याकडचा श्रीमंत गिऱ्हाईक हिरा, पाचू, जुनं कुंदन शोधतो. साठच्या दशकातलं लंडनचं खरबरीत सोनं त्याच्या डोळ्यात भरत नाही. हा डाग नावाचा निघाला तर तो लंडनला जावा. २०१७ मध्ये बॉनहॅम्स या ऑक्शन हाऊसने ग्रिमांच्या कामाचा एक मोठा खासगी संग्रह तिथेच विकला, तेव्हा गिऱ्हाईक तिथे आहे हे दिसलं. आणि दागिन्यांच्या लिलावात घालायचा की डिझाइनच्या, हे त्यांना विचारा. दोन्हीकडची माणसं वेगळी असतात.

कायद्याचं थोडक्यात. शंभर वर्षांखालची वस्तू पुरावशेष ठरत नाही, त्यामुळे १९७२ चा कायदा तुम्हाला अडवत नाही. तरी पर्समध्ये टाकून विमानाने नेऊन विकायचं धाडस करू नका. ऑक्शन हाऊस कस्टम्सचं काम करणारा एजंट देतं, माल कागदावर जाऊ द्या आणि पैसे बँकेतून येऊ द्या. नुसता दाखवायला न्यायचा असेल तर जाताना विमानतळावर कस्टम्सचं एक्सपोर्ट सर्टिफिकेट करून घ्या, नाहीतर परत आणताना ड्युटी मागतील. नफ्यावर दीर्घ मुदतीचा भांडवली कर सध्या साडेबारा टक्के आहे. वारशाने आलेल्या जुन्या डागाला १ एप्रिल २००१ ची बाजारातली किंमत मूळ किंमत म्हणून धरता येते, ती मूल्यांकन करणाऱ्याकडून लिहून घ्या. आणि आत्यांचे वारस किती ते आधी बघा. मृत्युपत्र नसेल तर सगळ्यांची लेखी संमती घ्या. लिलावाच्या आदल्या दिवशी एखाद्या चुलत दिराचं पत्र आलं की वस्तू मागे घेतली जाते.

आता नाव निघालं नाही तर? तेही शक्य आहे, बहुधा तेच जास्त शक्य आहे. तेव्हा परदेशी पाठवू नका, खर्चच खाऊन टाकेल. पण तोडेही करू नका. अठराचं सोनं बावीसला न्यायचं म्हणजे गाळणी, घट आणि वर नवी घडणावळ, आणि दोन लाखांच्या मालात काही हजार हवेत जातात. तोड्यांसाठी दुसरं सोनं काढा. हा ब्रोच थोरलीला रिसेप्शनच्या साडीवर लावू द्या. पिवळ्या खड्याला गर्द जांभळी किंवा शेवाळी पैठणी छान दिसेल. माझी मुलगी असती तर मी हेच केलं असतं, नाव निघालं तरी एकदा तिच्या अंगावर बघितल्याशिवाय पाठवला नसता.

ब्रोच हातात आला की पाठीचे तीन फोटो काढा, तिरप्या उजेडात, शेजारी मोजपट्टी ठेवून. ते लंडनच्या गोल्डस्मिथ्स हॉलच्या अस्से ऑफिसला, म्हणजे शुद्धता तपासून ठसे मारणाऱ्या कचेरीला, पाठवता येतात, कारखान्याच्या ठशांच्या नोंदी त्यांच्याकडे आहेत. आणि आत्यांच्या ट्रंकेत ब्रोचचा मूळ डबा असेल, तर तो रिकामा म्हणून टाकू नका. झाकणाच्या आत मळलेली रेशमी पट्टी असते, तिच्यावर दुकानाचं नाव आणि रस्ता छापलेला असतो. आधी ती बघा, मग मला सांगा.